पाऊस प्यालेले गवत

रौधाचे पत्र येऊन नऊ वर्षे झाली आणि मी त्याला उत्तर दिले नाही.

उत्तरे मी पुष्कळ लिहिली. एक चार पानांचे होते, एक अर्ध्या पानाचे, एक नुसतेच क्षमा मागणारे. पाठवले एकही नाही. ती माझ्या शाळेतली मुलगी, करकेना बेटावरच्या एका कोळ्याची थोरली लेक. पुढे समुद्रापलीकडच्या स्फाक्स शहरात शिकायला गेली आणि तिथेच एका प्रयोगशाळेत लागली. पत्रात तिने लिहिले होते:

"सर, तुम्ही नववीत सांगितलं होतं की आपल्या बेटावर जंगल नाही, पण समुद्राच्या तळाशी कुरण आहे. दर हिवाळ्यात ते आपलं वाळलं गवत किनाऱ्यावर आणून टाकतं. एक दिवस आपल्या भट्ट्या त्यावर पेटतील, असं म्हणाला होतात. मी तेच करू बघतेय. गवत वाळवून, दाबून विटा केल्या. पण त्या जळता जळता वितळतात. जाळीवर हिरवट काचेसारखा दगड जमतो आणि आग गुदमरते. इथे सगळे म्हणतात, हा नाद सोड. पुढच्या महिन्यात काय ते ठरेल. आपल्या आज्या हे गवत ताबून्यात जाळायच्या, असंही तुम्ही म्हणाला होतात. त्या नेमकं काय करायच्या? लवकर कळवा."

त्या काय करायच्या हे मला थोडेसे माहीत होते. माझी आई ताबूना, म्हणजे भाकरीची मातीची भट्टी, याच गवतावर पेटवायची. पण दोनशे पावलांवरच्या किनाऱ्यावरचे गवत ती कधी घेत नसे. टोपली घेऊन पार अंजिराच्या बागेपर्यंत चालत जाई आणि बांधातले जुने, करड्या रंगाचे गवत उपसून आणी. वाऱ्याने वाळू बागेत येऊ नये म्हणून आमच्याकडे पूर्वीपासून बांधांवर समुद्राचे गवत रचत आले आहेत. आई म्हणायची, पाऊस प्यालेलंच गवत भाकरीला लावावं.

किती पाऊस, हे मात्र मला आठवेना. मला सात असे वाटत होते. बहीण तीन म्हणाली. चुलतभाऊ म्हणाला, असे काही नसतेच, आईला चालायची हौस होती. मी पुस्तकांत शोधले. शाळेच्या ग्रंथालयात, स्फाक्सच्या मोठ्या ग्रंथालयात, एका फ्रेंच कोशात. कुठेच काही नव्हते. ज्याला छापील आधार नाही ते एका शिकलेल्या मुलीला लिहून कसे द्यायचे? चुकले तर तिची नोकरी जायची. मी शोधत राहिलो आणि महिना उलटला. मग कळले की रौधाने प्रयोगशाळा सोडली आणि गाबेसला लग्न करून गेली. त्यानंतर लिहायला लाज वाटू लागली.

यंदा सप्टेंबरात, एका सोमवारी सकाळी, मी नेहमीप्रमाणे पुरुषांच्या वेळेत गावच्या हमामात, म्हणजे गरम पाण्याच्या सार्वजनिक न्हाणीत, गेलो, तर पाणी कोमट. माझ्या आधी आलेले दोघे कोळी ओरडत होते.

"फरजानी! पाणी तापवतोयस की त्यावर फुंकर घालतोयस?"

फरजानी हा हमामचा भट्टीवाला. वय पन्नास, पण भुवया लहानपणीच जळून गेल्यामुळे चेहरा कायम चकित झाल्यासारखा. मी कपडे चढवून मागच्या गल्लीत गेलो. तो भट्टीच्या तोंडाशी उकिडवा बसून पहारीने काहीतरी फोडत होता.

"या मास्तर, या. बघा तुमच्या त्या समुद्राच्या जंगलाची लाकडं."

त्याने माझ्या पायाशी एक ढेप टाकली. हिरवट, चकचकीत, कडांना धारदार. काचेसारखा दगड.

मी तो हातात घेतला. अजून गरम होता. नऊ वर्षांपूर्वी वाचलेले एक वाक्य माझ्या डोळ्यांपुढे शब्दशः उभे राहिले.

"हे काय जाळलंस?" मी विचारले, जणू मला ठाऊकच नव्हते.

"गवत! लल्ला शेदलियाची आयडिया. आपण जाळायचो तो ऑलिव्हचा चोथा आता बोटीने येत नाही. सगळा मोठे कारखानेवाले उचलतात. लाकूड इथे कुठलं? खजुराची झावळी भुर्रकन जाते. म्हणून तिने गवताच्या विटा करायला लावल्या. फरशीवाल्याचा जुना दाबयंत्राचा सांगाडा आणला, दोन आठवडे दंड भरून आले माझे. आणि निघालं काय, तर बाटल्यांचा कारखाना!"

शेदलिया हमामची मालकीण; लल्ला म्हणजे आमच्याकडे बाई. तिच्या सासूने तो चालवला, आता ती चालवते. ती दारातून आली तीच बोलत.

"मास्तरांना काय सांगतोस, जाळी मोकळी कर. गुरुवारी इन्साफची अंघोळ आहे."

इन्साफ ही तिची भाची. लग्नाच्या आधी नवरीला हमामात नेतात, सोबत गावच्या साऱ्या बायका असतात. गुरुवारी दुपारी ती अंघोळ होती.

"आणि शुक्रवारी भंगारवाला," फरजानी पुटपुटला.

"कोण भंगारवाला?" मी विचारले.

लल्ला शेदलियाने ओढणीच्या टोकाने कपाळ पुसले. "स्फाक्सचा. तांब्याचा हंडा बघून गेलाय. त्याला सांगितलंय, शुक्रवारी ट्रक घेऊन ये. काय करू मास्तर? कढत पाणी देता येत नसेल तर हमाम कशाला म्हणायचं? भाचीची अंघोळ झाली की आग विझवते. कोमट तर कोमट. निदान तिची अंघोळ या घरात होईल."

मी दगड खाली ठेवला आणि घरी आलो. एक शब्द बोललो नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तेच घडले. तोंडापर्यंत शब्द आला आणि मागे लगेच प्रश्न आला, तीन की सात?

दिवसभर मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. रौधाचे पत्र काढून वाचले. तिने विचारले होते, त्या काय करायच्या. किती पाऊस, हे तिने विचारलेच नव्हते. तो प्रश्न माझा होता.

मंगळवारी सकाळी मी लल्ला शेदलियाच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. ती चिंबोऱ्यासारखी वाकून सुके गवत चाळत होती.

"लल्ला, हे गवत कुठून आणलंत?"

"कुठून म्हणजे? किनाऱ्यावरून. मी स्वतः उभी राहून वेचून घेतलं. नुकतंच वाहून आलेलं, ताजं, हिरवंकंच. कुजकं एक पान घेतलं नाही. कोळ्याची पोर आहे मी, ताजं कुठलं आणि शिळं कुठलं मला शिकवू नका."

"आणि त्यातली वाळू?"

"धुऊन काढली."

"कशात?"

तिने माझ्याकडे असे पाहिले की मी शाळेत पुन्हा बाकावर बसलो. "समुद्रात! मग काय हौदातलं गोडं पाणी गवताला घालू? पोरांना प्यायला पुरत नाही."

मला एकदम सगळे दिसले. आपण बेटावरची माणसे मासा ओळखतो तसे गवत ओळखायला गेलो होतो. डोळा बघायचा, कल्ले बघायचे, ताजे ते घ्यायचे आणि समुद्रात खळबळून घ्यायचे. गवताच्या पोटात आधीच मीठ, त्यावर आपण आणखी मीठ चढवले. मीठ आणि वाळू आगीत एकत्र आली की त्याची काच होते. नववीच्या पुस्तकातली गोष्ट.

मी अंगणातले एक पान उचलले आणि जिभेवर ठेवले.

"अरे देवा," फरजानी मागून म्हणाला, "मास्तरांच्या घरचं धान्य संपलं वाटतं. बकऱ्यांच्यात सोडा त्यांना."

"खारट आहे," मी म्हणालो.

"समुद्राचं आहे, गोड असेल का?"

"एक गोड गवत आहे." मी पान खाली ठेवले. "म्हणजे मला वाटतं, आहे. माझी आई... अंजिराच्या बांधातलं काढायची. वर्षानुवर्षं पाऊस पिऊन मीठ निघून गेलेलं. सात पाऊस. किंवा तीन. मला नक्की आठवत नाही. कदाचित माझं चुकतही असेल."

फरजानी हसला. "ऐका! नवरीला गरम पाणी हवंय आणि मास्तर तिला करडं, कुजकं, बापजाद्यांच्या बांधातलं गवत देतायत. उद्या म्हणाल शिळा मासा चांगला."

"गप रे," लल्ला म्हणाली. ती मला न्याहाळत होती. "मास्तर, चाळीस वर्षं ओळखते तुम्हाला. 'नक्की' हा शब्द तुमच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. तरी उठून इथवर आलात. म्हणजे काहीतरी असणारच. फरजानी, गाढव जुंप."

गावाबाहेर सलहांच्या जुन्या अंजिराच्या बागेत गेलो. मालक तीस वर्षांपूर्वी फ्रान्सला गेले, अंजिरे वाळली, बांध मात्र छातीइतके उभे. वरच्या थरात निवडुंगाची मुळे, खाली करडे, मऊ, कागदासारखे गवत. मी हात घातला, एक पान काढले, जिभेवर ठेवले. थोडे पुढे सरकून दुसरे. मग बांधाच्या अगदी तळाचे तिसरे.

"काय लागतंय?" लल्लाने विचारले.

"काही नाही," मी म्हणालो. "काहीच लागत नाही."

तिनेही एक पान तोंडात घातले. चघळले. मग मोठ्याने थुंकली आणि म्हणाली, "शिळी भाकरी परवडली! पण मीठ नाही. मास्तर, मीठ नाही!"

वाळू हवेत झटकायचे ठरले. फाटके जाळे दोन खुंट्यांना टांगले, त्यावर गवत टाकून काठीने झोडपले. वाळू खाली, गवत वर. धुवायला पाण्याचा थेंबही लागला नाही. विटा धरून राहाव्यात म्हणून फरजानी ओल्या कागदाचा लगदा मागत होता. मी घरी जाऊन चाळीस वर्षांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे गाढवावर लादून आणले.

फरजानीने एक उघडून पाहिली. "ही तर माझी! भूमितीत चार मार्क!"

"हो," मी म्हणालो.

"जाळा आधी ही. चांगली पेटेल, चुका भरपूर आहेत."

मंगळवार दुपारपासून बुधवार दुपारपर्यंत आम्ही विटा दाबल्या. त्या दोन दिवसांत माझ्यासारख्या माणसाने काठीही धरली आणि दाबयंत्राच्या दांड्यावर लोंबकळूनही पाहिले. सप्टेंबरच्या उन्हात, गच्चीवर पसरलेल्या विटा हातात घ्यायला हलक्या झाल्या. तरी मला झोप नीट लागली नाही. समजा बहीण खरे म्हणत असेल, समजा चुलतभाऊ खरे म्हणत असेल. समजा आईला खरेच चालायची हौस असेल.

गुरुवारी सकाळी फरजानीने जाळी घासून लख्ख केली आणि भट्टी पेटवली. मी मागच्या गल्लीत एका उलट्या बादलीवर बसलो. बायकांच्या वेळेत पुरुषाला तेवढीच जागा. आमच्या हमामात न्हाणी आणि भट्टी यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि जुना रिवाज असा की आतल्या बायका त्या भिंतीवर तांब्याचा कटोरा आपटतात. एकदा आपटला तर आच वाढव. दोनदा आपटला तर पुरे. सोमवारी दुपारभर एकेकच ठोका पडत होता म्हणे.

पहिल्या विटांना जाळ धरायला वेळ लागला. नुसता धूर. फरजानीने माझ्याकडे पाहिले नाही, ही त्याची माया. मग आत निळसर ज्वाळा फिरू लागली आणि विटांच्या कडा लाल झाल्या. आगीचा एकसारखा, खालच्या पट्टीतला आवाज येऊ लागला.

दुपारी नवरी आली. पुढे ढोलकीवाली, मागे मेंदी, साबण आणि सुका मेवा घेतलेल्या बायका. मला त्या दिसल्या नाहीत, पण आवाज ऐकू आले. दारे बंद झाली. थोड्या वेळाने भिंतीवर एक ठोका पडला.



"आच कमी आहे," मी म्हणालो. "बघ रे, काच झाली असेल. जाळी बंद झाली असेल."

"मास्तर, तुम्ही बसा."

"एकदा पहार घालून बघ."

फरजानीने पहार घातली. ती सहज आत गेली, सहज बाहेर आली. टोकाला काही चिकटले नव्हते. त्याने खालच्या खणातून फावडे भरून राख ओढली आणि माझ्यापुढे ओतली. करडी, मऊ, पिठासारखी. त्याने तिच्यात बोटे घालून चिवडले. एक खडा नाही.

"एकच ठोका म्हणजे काय, मास्तर? अजून द्या, असं म्हणतायत. आहे आपल्याकडे. घ्या!" त्याने दोन्ही हातांनी विटा आत सारल्या. "चार मार्कवाला आता शंभर काढतो बघा."

आम्ही दोघे विटा देत राहिलो. मी बादलीवरून कधी उठलो ते मला कळले नाही. घाम चष्म्यावर आला, चष्मा खिशात टाकला. तांब्याचा हंडा आतून गुणगुणू लागला.

आणि भिंतीवर ठोका पडला. फरजानी थांबला. मी श्वास धरला.

दुसरा पडला.

त्यानंतर लगेच बायकांच्या जिभांचा तो लांबलचक, थरथरता मंगल आवाज उठला. आधी एक, मग दहा, मग सगळा हमाम. तो भिंतीतून, धुराड्यातून, माझ्या पायांखालच्या जमिनीतून येत होता. ढोलकी सुरू झाली. फरजानीने पहार फेकली आणि मला उचलले, खरोखर उचलले, एवढ्या वयाच्या माणसाला.

"सोड रे, सोड, पडेन!"

"पडा की! राखेत पडा! मऊ आहे!"

मागचे दार किंचित उघडले आणि लल्ला शेदलियाचा लालबुंद चेहरा बाहेर आला. केसांतून वाफ निघत होती.

"मास्तर! नवरीची आत्या म्हणतेय, मेली मी, थोडं गार पाणी सोडा! वीस वर्षांत या हमामात कोणी गार पाणी मागितलं नाही!" ती हसत होती की रडत होती, वाफेत कळेना. "ऐकलंत का? गार पाणी मागतायत!"

शुक्रवारी सकाळी भंगारवाला ट्रक घेऊन बोटीवरून उतरला. लल्ला शेदलियाने त्याला हंडा दाखवला नाही, टॉवेल दिला. "इतक्या लांबून आलास, आधी अंघोळ कर." तो तासाभराने बाहेर आला तेव्हा उकडलेल्या चिंबोऱ्यासारखा दिसत होता. त्याने बाकावर आडवे होऊन लिंबूपाणी मागितले.

"हंड्याचं काय?" थोड्या वेळाने त्याने विचारले.

"कुठला हंडा? ज्यात तू आत्ता शिजलास तो? तो कामावर आहे."

गल्लीतली सगळी हसली. तो बापडाही हसला आणि रिकामा ट्रक घेऊन दुपारच्या बोटीने परत गेला. पुढच्या शुक्रवारीही येतो, फक्त अंघोळीला येतो, असे सांगून.

त्याच दिवशी लल्लाने गावात सांगितले की किनाऱ्यावरचे वाहून आलेले गवत यंदापासून हमामच्या मागच्या मोकळ्या जागेवर रचायचे. पावसाने धुऊ दे. जीभ लावून बघायची आणि मग विटा करायच्या. तोवर सलहांचे बांध पुरतील. फ्रान्सला फोन करून तिने परवानगीही घेतली. पलीकडून म्हातारा सलह म्हणाला म्हणे, बांध न्या, पण मी येईन तेव्हा अंघोळ फुकट.

मला वाटले, आता माझे काम संपले. पण संध्याकाळी लल्ला चहा घेऊन अंगणात आली आणि समोर बसली.

"एक सांगा मास्तर. सोमवारी तुम्ही तो दगड हातात घेतला तेव्हा तुमचा चेहरा बघितला मी. तुम्ही तो आधी कुठेतरी बघितला होता."

मला खोटे बोलता येत नाही. बोलता येत नाही म्हणूनच मी बहुधा गप्प राहतो. मी तिला रौधाचे पत्र सांगितले.

तिने पेला खाली ठेवला. "बशीरची रौधा? नऊ वर्षं? नऊ?"

"मला खात्री नव्हती."

"खात्री!" ती ओरडली आणि शेजारच्या गच्चीवरून दोन डोकी डोकावली. "पोरीने विचारलं, आज्या काय करायच्या. 'बांधातलं घ्यायच्या,' दोन शब्द! लिहायला केवढी शाई लागते? ती तिकडे बसली असेल स्वतःला मूर्ख समजत!"

"तेच म्हणतो मी. आता कुठल्या तोंडाने..."

"तोंडाने नको, हाताने लिहा. तिच्या भावाकडून पत्ता मी आणते. आणि चार पानं लिहू नका."

पत्ता ती तासाभरात घेऊन आली. भावाने सांगितले की रौधा गाबेसला मुलांना शिकवते आणि समुद्राच्या गवताचा विषय निघाला की खोलीतून उठून जाते. हे ऐकल्यावर मी लिहायला बसलो. आधी क्षमा मागणारा मजकूर लिहिला, तो खोडला. मग मिठाचे रसायन लिहू लागलो, तेही खोडले. शेवटी एवढेच उरले:

"रौधा, तुझ्या विटा चुकल्या नव्हत्या. गवत चुकलं होतं. माझी आई किनाऱ्यावरचं न घेता अंजिराच्या बांधातलं, पाऊस प्यालेलं घ्यायची. किती पाऊस ते मला अजून माहीत नाही. जिभेला खारट लागलं नाही की झालं. हे मला तू विचारलंस तेव्हाही माहीत होतं आणि छापील आधार मिळेना म्हणून मी कळवलं नाही. चूक माझी आहे. गुरुवारी आपल्या गावच्या हमामात नवरीच्या आत्याने गार पाणी मागितलं. भट्टी तुझ्या गवतावर चालली आहे. राख पिठासारखी आहे. ये आणि बघ. तू आल्यावर पुढचं ठरवू, कारण इथे लल्ला शेदलिया मला भट्टीचा शास्त्रज्ञ म्हणून सगळ्यांना सांगते आहे आणि मला त्यातलं काही येत नाही."

शनिवारी बेटावरच्या रमला गावाच्या पोस्टात गेलो. वाटेत दोनदा थांबलो. पाकीट उघडे होते, पुन्हा वाचावेसे वाटले. एकदा 'चूक माझी आहे' हे फार थोडे वाटले, एकदा फार जास्त. खिडकीमागची मुलगी माझीच विद्यार्थिनी निघाली.

"सर, चिकटवू का?"

"एक मिनिट."

"सर, मागे लोक उभे आहेत."

"चिकटव," मी म्हणालो.

तिने तिकीट लावले, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकले.